डाव्या हातातल्या बांगड्या

मंजुळा माझी सख्खी धाकटी बहीण. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ठाण्याच्या आमच्या कोळीवाड्यात आता जो तो तिला 'आपली मंजुळा' म्हणतो. अरे, आपली कुणाची? माझी. मी गोमाजी, तिचा थोरला भाऊ, सातवी पास, स्वतःचा टेम्पो. खाडीच्या काठावर माझ्याएवढा आवाज कुणाचा नाय आणि तिच्याएवढी छाती कुणाची नाय.

दामाजीशी तिचं लगीन झालं तेव्हा आमच्या रिवाजाप्रमाणं तिच्या उजव्या हातातल्या बांगड्या उतरवून खाडीला दिल्या. नवरा पाण्यावर जाणार, त्याचा जीव सांभाळ, म्हणून. तेव्हापासून चुडा फक्त डाव्या हातात, उजवा मोकळा.

पण दामाजी पाण्यावर फार काळ राहिलाच नाय. खाडीत कारखान्यांचं पाणी उतरायला लागलं, जाळ्यात मासळीपेक्षा घाण जास्त. मग तो डोंबिवलीला एका रंगाच्या कारखान्यात लागला. पगारातून विमा कापला जायचा. सत्त्याऐंशी साली टाकी साफ करायला आत उतरला आणि आतल्या वाफेनं घुसमटला. बाहेर आला तो चौघांच्या हातावर.

त्या दिवशी बायका बांगड्या फोडायला आल्या. सगळ्यात पुढं शेजारची बायजा. तिचा नवरा पण असाच कारखान्यात गेलेला. मंजुळानं हात पाठीमागं घेतला.

"नाय फोडायच्या."

"अगो, आमी फोडल्या ना? तू काय राणी लागून गेलीस?"

"तुज्या तू फोडल्यास. या माज्या हायेत."

मला वाटलं, दुःखानं डोकं फिरलंय, चार दिवसांनी उतरवील. नाय उतरवल्या.

विम्याच्या ऑफिसातून तिला विधवेचे पैसे सुरू झाले. अट एकच, दुसरं लगीन केलं की बंद. दर वर्षी जाऊन अंगठा द्यायचा, की लगीन केलेलं नाय. मासळी विकून चूल पेटायची, पण पोरगा-पोरगी शाळेत जायची ती या पैशावर.

एकदा विम्याचा इन्स्पेक्टर चौकशीला आला. त्यानं हिरव्या बांगड्या बघितल्या. शेजारी विचारायला गेला तर बायजा बोलली, "आमाला काय विचारता? तिचा हात बघा ना." झालं. पुढच्या महिन्यात पैसे बंद. पत्र आलं, बाईनं पुनर्विवाह केल्याचं दिसून येतं.

मी तिला टेम्पोत घातली आणि ऑफिसात नेली. साहेबाच्या टेबलावर असा हात आपटला की चहा सांडला. शिपायानं मला बाहेर काढला, पण दारातून मला सगळं दिसत होतं. मंजुळा शांत उभी. बोलली, "साहेब, मी लगीन केलं बोलता, तर नवऱ्याचं नाव तरी सांगा. मना पण बघूंदे कोण हाय तो."

बाजूचे कारकून खाली मान घालून हसले. साहेब नाय हसला. बोलला, "आमच्या रिपोर्टवर विश्वास नसेल तर कोर्टात जा."

गेलो. वकीलबाई मीच शोधली, हे लक्षात ठेवा. बाई हुशार. पहिल्याच दिवशी मंजुळाला बोलली, "तारखेला येताना बांगड्या काढून ये. निम्मं काम तिथंच होईल." मी पण तेच बोललो. पोरांच्या शाळेकडं बघ, बोललो.

"दादूस, आता काढल्या तर ते बोलतील, चोरी पकडली म्हणून काढल्या. आणि पोरं मना विचारतील तेव्हा काय सांगू?"

केस लांबली. मधल्या काळात तिनं पोरीची शाळा सोडवली नाय, स्वतःचं सकाळचं जेवण सोडलं. मला कळू दिलं नाय. मी मासळी बाजारात तिचा चेहरा बघून ओळखलं.

शेवटी तिला पिंजऱ्यात उभी केली. ऑफिसच्या वकिलानं तिचा हात वर करायला लावला. "लग्न केलं नाहीस, मग हा हिरवा चुडा कुणाच्या नावाचा?"

ती जजसाहेबांकडं वळली. "साहेब, लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या खाडीला दिल्या. त्याचा जीव सांभाळ, बोललो. तिनं सांभाळला. पाण्यावर त्याला कधी काय झालं नाय. त्याला कारखान्यानं खाल्ला. मग खाडीच्या भरवशावर घातलेल्या या बांगड्या मी कशाला फोडू? खाडीचा काय गुन्हा?"

जजसाहेबांनी तिचं बोलणं शब्दाला शब्द लिहून घ्यायला लावलं.

निकाल इंग्रजीत होता. वकीलबाईनं बाहेर व्हरांड्यात समजावला. ऑफिसला चौकशी करायचा हक्क आहे, पण बाईचं म्हणणं न ऐकता, पुरावा न ठेवता, नुसत्या संशयावर तिचे पैसे तोडायचा हक्क कुठल्याच साहेबाला नाय. लगीन झालं हे ऑफिसनं दाखवायचं. बांगडी हा लग्नाचा दाखला होत नाय. पैसे परत सुरू, राहिलेले पण द्या.

मंजुळानं एकच विचारलं, "यात त्याचं नाव हाय?"

"आहे. मयत दामाजीची विधवा मंजुळा."

"परत वाचा."

वकीलबाईनं परत वाचलं. मग मंजुळा व्हरांड्याच्या पायरीवर बसली आणि दामाजी गेल्यावर पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

मी संध्याकाळी कोळीवाडाभर पेढे वाटले. ऑफिसला कसा लोळवला ते प्रत्येक दारात सांगितलं. बायजाचं दार तेवढं लागलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेम्पो घेऊन मंजुळाकडं गेलो तर बायजा ओट्यावर बसलेली. मोकळे हात पदराखाली. मला बघून उठली, मग परत बसली.

"मंजुळे, माजे पण बंद केलेत. दीर घरात राहतो म्हणून. पत्र आलंय."

मी बोललो, "कुठल्या तोंडानं आलीस गो? तिचा हात दाखवणारी तूच ना?"

"दादूस, गप." मंजुळानं बायजाचं पत्र घेऊन कमरेला खोचलं, मासळीची टोपली भरली, चुंबळ डोक्यावर ठेवली. "मी नेतो तुमाला वकीलबाईकडं," मी बोललो.

"नको. वाट आमाला माहीत हाय." मग ती बायजाकडं वळली. "बसलीस काय? टोपलीला हात लाव. आधी मासळी विकू. कोर्ट अकराला उघडतं."