तात्यांच्या डबीतली गोळी

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरने माझ्या लेकीला हात लावला नाही. काठीच्या टोकाने तिच्या अंगावरचं फडकं बाजूला केलं, निळे पडलेले ओठ बघितले आणि मला म्हणाला, "अफू पाजलीस ना? तुमची जातच नशेबाज. आई आहेस का कैदाशीण?"

आमचे मालक तात्या शेजारी खुर्चीत बसले होते. मी तोंड उघडू नये म्हणून मागोमाग आले होते. मान हलवत म्हणाले, "काय सांगायचं डॉक्टरसाहेब! पोटच्या पोरालाबी सोडत न्हाईत ही लोकं."

अफू तात्यांची होती.

ऊस खुरपायला गेलो, की महारवाड्यातल्या आम्ही बायका बांधावर हात पसरून उभ्या राहायचो. तात्या कनवटीची पितळी डबी काढायचे आणि वरूनच तळहातावर गोळी टाकायचे. काळी, मोहरीच्या दाण्याएवढी. दुधात खलून लेकराला चाटवायची. लेकरू बाभळीच्या झोळीत दिवसभर निपचित. आईने पाजायला उठायला नको, खुरपणी थांबायला नको. जी गोळी घेणार नाही तिला उद्यापासून काम नाही. त्याच डबीतली अफू तात्या स्वतः घ्यायचे, गुडघ्यांसाठी. ते औषध. एकदा डबी सापडेना तर हातपाय कापायला लागले आणि बायकोच्या डोक्यात तांब्या घातला. त्यांना कुणी नशेबाज म्हटलं नाही.

त्या सकाळी माझी लेक खोकत होती, रडं थांबेना. "आज दोन चाटव. कटकट नको," म्हणून तात्यांनी दोन टाकल्या.

दवाखान्याच्या पायरीवर, माझ्या मांडीवरच ती गेली.

तिला माती दिली आणि पुन्हा उसात उभी राहिले. आमच्यात रडायला सवड कुणाला? छाती दुधाने तटतटलेली, चोळी भिजलेली. जावेचं तान्हं रडायला लागलं, तशी तात्यांनी डबी काढली. जावेनं हात पुढे केला. माझ्या अंगात आग भडकली. खालून असा फटका मारला की डबी पाटाच्या पाण्यात.

तात्यांची काठी पाठीत बसली. मग कानावर. रक्त गळ्यापर्यंत आलं. मी जावेचं पोर उचललं, सरीत फतकल मारली आणि त्याला छातीशी लावलं. दुसऱ्या हातात खुरपं.

"ऊठ, रांडे!"

"मारा. ह्याचं पोट भरल्याबिगार उठायची न्हाय. अफू तुमची आन् जात माझी काढता? माझी लेक तुमी मारली, तात्या. ह्या पोराला काठी लागली तर ह्ये खुरपं तुमच्या पोटात."

काठी आणखी पडली. माझ्याच अंगावर पडली. पोर पीत राहिलं.

तात्यांनी मला आणि जावेला हाकललं. काठी बसलेला माझा कान बहिरा झाला. आम्ही निमगावच्या मळ्यात कामाला गेलो. तिथल्या मालकाच्याही कनवटीला डबी होती. त्याने ती उघडायच्या आधीच मी खुरपं त्याच्यापुढे धरलं.

"आधी पोरं पाजणार, मग तुमचं तण. गोळी काढलीत, तर हात तोडीन."