किळसकर सर आणि त्यांची ग्रीक मंडळी

डिचोलीच्या आमच्या कॉलेजात किळसकर नावाचे कोणीही नोकरीला नव्हते. सरांचे खरे आडनाव वेगळेच होते. पण 'किळस येते मला' हे वाक्य ते दिवसातून इतक्या वेळा म्हणत, की नव्या मुलांना खरे आडनाव कळायला सहामाही उजाडे. घासात केस लागला की माणसाचे तोंड जसे होते, तसे त्यांचे कायमचेच झाले होते. किळस कशाची यायला हवी, हे मला त्या तोंडाकडे पाहूनच कळले. कळायला उशीर झाला, ते पुढे सांगते.

सगळ्यात जास्त किळस त्यांना गाइडची. बाकावर गाइड दिसले, की मेलेला उंदीर शेपटीला धरून न्यावा तसा त्याचा कोपरा दोन बोटांत धरून ते दाराबाहेर नेत, येऊन हात झटकत आणि मग शिकवायला लागत. ते आम्हाला तत्त्वज्ञान शिकवत, त्यातही प्राचीन ग्रीकांचे संवाद. गाइडमध्ये त्या संवादांचे मुद्दे काढलेले असत आणि शेवटी एक ओळ असे : 'संवादातील पौराणिक कथा परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाच्या नाहीत.' ही ओळ सर मोठ्याने वाचत. "शी! मासा फेकला आणि काटे तेवढे ताटात वाढले."

सर मूळचे पेडण्याचे. तरुणपणी त्यांनी दशावतारी मंडळीत कामे केली होती. दशावतारात वही नसते. आख्यान ठरते, कोण कोणाचे सोंग घेणार ते ठरते, आणि भाषणे उभ्या जागी सुचतील तशी. सरांनी ग्रीकांचीही सरळ एक मंडळीच करून टाकली होती. उत्तरात कोणी 'तत्त्वज्ञ म्हणतो की' असे लिहिले, की त्याखाली लाल रेघ. "कोण म्हणतो? लिहिणारा स्वतः एकदा तरी पुढे येऊन बोलला काय? तो पडद्यामागे. बोलतात ती सोंगे. कोणाशी बोलतात, कुठे बसून, समोरच्याला राग आलाय की झोप, ते आधी बघ."

एका संवादात न्याय म्हणजे काय यावर वाद सुरू होतो आणि घरचा म्हातारा यजमान, देवाचे काम राहिलेय म्हणून, उठून जातो. गाइडला त्याचा पत्ताही नव्हता. सरांनी अख्खा तास त्याच्या उठून जाण्यावर घालवला. "न्यायाचे नाव काढल्यावर ज्याला नैवेद्य आठवतो, असा एकही माणूस तुमच्या वाड्यावर नाही?" सगळे हसले. प्रत्येकाच्या वाड्यावर एकेक होताच.

मी एकदा विचारले, "सर, संवादात एवढा काटेकोर वाद घालणारा माणूस शेवटी गोष्ट का सांगतो?"

"बाय, केरीहून तेरेखोलला गेलीस कधी? रस्ता नदीपाशी संपतो. मग फेरीबोटीत चढायचे. फेरीबोट म्हणजे रस्ता नव्हे. पण पलीकडे जायचे तर तिच्याशिवाय आहे काय?" मग म्हणाले, "आणि फेरीत बसून मी रस्त्यावरच आहे म्हणणाराही मूर्खच."

माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. वडील कॉलेजच्या चेअरमनांच्या खाणीवर ट्रक चालवत. पाठ करणे म्हणजेच शिकणे, असे मी समजत होते. त्या समजातून मला बाहेर काढणारा माणूस हाच. हे उपकार मी आजही विसरलेले नाही, म्हणून पुढचे लिहिताना जास्त लाज वाटते.

शेवटच्या वर्षी स्नेहसंमेलनात सरांनी एक ग्रीक संवाद दशावताराच्या पद्धतीने करायचे ठरवले. तुरुंगात विष पिण्याआधी एक म्हातारा मित्रांशी आत्म्याविषयी बोलतो, तो संवाद. तीन मुलगे, मी आणि म्हाताऱ्याच्या सोंगात खुद्द सर. माझे काम शंका घेणाऱ्या मित्राचे : वीणा मोडली की सूर उरत नाही, मग देह गेल्यावर आत्मा कशावरून उरतो? मी घडाघडा बोलले. "शी! पाठ केलेस. तुझे कोणी गेले नाही काय अजून? त्याला आठव आणि मग विचार." मला माझी आई आठवली, आणि शंका खरीच आली. त्या दिवशी सरांचे तोंड पहिल्यांदा सरळ झालेले मी पाहिले.

या संवादाच्या शेवटी म्हातारा मेल्यानंतरच्या जगाची लांबलचक गोष्ट सांगतो. सरांचा सगळा जीव त्या गोष्टीत होता. पेडण्याच्या घरी ते महिनाभर ती म्हणून बघत होते; तालमीत मात्र आम्हाला ती एकदाही ऐकवली नव्हती.

आदल्या दिवशी चेअरमन तालीम बघायला आले. "पाखल्यांना घालवून इतकी वर्षे झाली, आणि तुम्ही त्यांचे देव परत आणता?" पाखले म्हणजे आमच्याकडे पोर्तुगीज.

"हे ग्रीक," सर म्हणाले.

"तेच ते. गोरेच मरे!"

"शी!" सर त्यांच्या तोंडावर म्हणाले.

झाले. संवाद रद्द, गोष्ट रद्द. त्याऐवजी दहा मिनिटांचा सारांश वाचायचा, आणि तो मी. चेअरमनांच्या हायस्कुलात मला नोकरी मिळणार होती. "चेअरमनाक नाय म्हणा नको गो बाय," वडील म्हणाले, "माझो ट्रक तेंचोच." मी नाही म्हटले नाही. सारांश लिहिला, तो गाइडमधून.

माइकसमोर उभी राहून मी 'तत्त्वज्ञ म्हणतो की' अशी सुरुवात केली. मुद्दे संपले तशा टाळ्या पडल्या. चेअरमनांनी मला गुलाब दिला. विंगेत सर करवंटी घेऊन उभे होते. संवाद रद्द होऊनही विष म्हणून तिच्यात आमसुलाचे पाणी केले होते. ते त्यांनी खिडकीबाहेर ओतले, करवंटी पिशवीत घातली आणि निघून गेले. लाउडस्पीकरमधून ऐकू आलेला माझा तो खणखणीत आवाज अजून कानात आला, की माझे तोंड सरांसारखे होते.

मला नोकरी मिळाली. सर त्याच वर्षी कॉलेज सोडून घरी बसले. दोन वर्षे मी मुलांना फळ्यावर मुद्दे लिहून दिले. मुले ते तसेच्या तसे परत लिहीत, आणि तपासताना प्रत्येक वहीत मीच भेटत असे, गुलाब हातात घेऊन. मग सर अंथरुणाला खिळल्याचे कळले. माफी मागायची म्हणून एका रविवारी सकाळच्या बसने पेडण्याला गेले. तीच आमची शेवटची भेट.

सरांची थोरली बहीण, आका, सोप्यावर विळी घेऊन नारळ खवत होती. मागच्या खोलीत सरांची खाट. मी विद्यार्थिनी असल्याचे सांगितले.

"सारांश वाचलो ती तूच मगो?" आका म्हणाली.

माझे पाय उंबऱ्याशीच थांबले. मी सोप्यावर टेकले. आतून सरांचा बारीक झालेला आवाज आला, "आके, विचार तिला, ती गोष्ट येते काय."

मी सुरुवात केली. "पहिला मुद्दा, मेल्यानंतर आत्म्यांचा न्याय होतो. दुसरा, तिथे मोठ्या नद्या आहेत. तिसरा..." तिसरा मला माहीत नव्हता. गोष्ट कापणाऱ्या मी ती कधी शेवटपर्यंत वाचलीच नव्हती.

"तशी नाय गो ती," आका म्हणाली. महिनाभर घरात ऐकून ऐकून तिला ती तोंडपाठ झाली होती. खवता खवताच ती सांगू लागली. "आमच्या तेरेखोलासारखीच एक नदी, पण मोठी. जेणी दुसऱ्याचा वायट केल्यानी, ती तेच्यात व्हावत जातत. जातां जातां हाका मारतत. जेचा वायट केला, तेकाच. 'आमका काठार येवक दी' म्हणान. तो 'ये' म्हणालो तर सुटले. नाय म्हणालो तर परत व्हावत गेले. देव मदी पडणा नाय थंय. जेचा वायट केला, तेणाच म्हणूक होया."

मी मान वर केली नाही. विळीचा आवाज तेवढा चालू होता. मग आत खाट करकरली.

"आके," सर म्हणाले, "तिला आत ये म्हण." दम लागला म्हणून थोडे थांबले. "चपला आणि मुद्दे बाहेर काढून."