दाबलेले प्लग

मास्तरांचा शाळेशी कधीच संबंध आला नव्हता. ते गाडी शिकवणारे मास्तर. ड्रायव्हिंग स्कूलच्या बुटक्या गाडीत, शिकणाऱ्याच्या शेजारी, स्वतःच्या पायाखाली वेगळा ब्रेक घेऊन त्यांनी उभं आयुष्य काढलं. डॉक्टर, वकील, दुकानदार, शिक्षिका, सगळे त्यांच्या शिव्या खाऊन रस्त्यावर आलेले. "आरसा मागचं बघायला दिलाय, भांग पाडायला नाही," हे ज्याने ऐकलं नाही त्याला गाडी येतच नाही, असं लोक गमतीने म्हणत. मास्तरांच्या तोंडावर मात्र कुणी म्हणत नसे. राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर मुक्कामालाच असे.

निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे स्वतःची एक जुनी गाडी उरली. तिला ते इतकं जपत की बायको म्हणायची, "बॉनेट उघडलं की आत पान मांडून जेवायला बसावं."

त्या दिवशी सकाळी ही गाडी सुरू होईना. स्टार्टर फिरायचा, इंजिन मान हलवायचं आणि गप्प बसायचं. मास्तरांनी पुन्हा पुन्हा किल्ली फिरवली. शेवटी पेट्रोलचा वास नाकात गेला तसे ते उतरले, बाह्या सरसावल्या आणि बॉनेट उघडलं.

प्लगच्या वायरी त्यांनी एकेक करून काढल्या, कुठली कुठे ते कळावं म्हणून त्यांना सुतळीच्या गाठी मारल्या. प्लगभोवतीची धूळ फुंकून उडवली, कारण ती आत पडली तर इंजिनाची वाट लागते. मग पाना लावून पहिला प्लग बाहेर काढला. पेट्रोलने ओला. म्हणजे पेट्रोल येतंय, ठिणगी पडत नाहीये. फडक्याने पुसून त्यांनी तो उजेडात धरला. टोक बिस्किटाच्या रंगाचं, जसं हवं तसं. काजळी नाही, तेल नाही, चिनीमातीला तडा नाही. आणि ठिणगी जिथे उडायची ती फटच नव्हती. वरचा वाकडा आकडा खालच्या टोकाला घट्ट चिकटलेला.

दुसरा काढला. तोच प्रकार. तिसरा, चौथा, सगळे तसेच.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एखादा प्लग हातातून पडून दबतो, हे त्यांनाही ठाऊक होतं. चार प्लग मिळून दबत नाहीत. चारही फडक्यात गुंडाळून ते तडक गॅरेजवर गेले. गेल्याच महिन्यात गाडीची सर्व्हिसिंग तिथे झाली होती.

गॅरेजवाला त्यांचाच जुना शिष्य. मास्तरांनी दारातूनच तोफ डागली. "तुला ब्रेक आणि क्लच यातला फरक मी शिकवला. आणि तू माझ्याच गाडीची ही दशा करतोस?"

तो बिचारा हात पुसत पुढे आला. प्लग उलटसुलट करून पाहिले. "मास्तर, तुमच्या शिव्या खायची मला सवय आहे. पण हे मी केलं असतं तर तुम्ही इथून गाडी चालवत घरी गेला असता का? गेला महिनाभर फिरवताय ना?"

मास्तर आणखी चिडले. "मग कुणी केलं?"

"ते मला काय माहीत? पण ज्याने केलं त्याचा हात सफाईदार आहे. हलक्या हाताने ठोकलेत. आटे कुठे बिघडलेले नाहीत, परत बसवलेतही नीट."

घरी परतेपर्यंत मास्तर रस्त्याने एकटेच पुटपुटत होते. समोरच्या घरवाल्यावर त्यांचा संशय गेला. त्याच्या फाटकाच्या खांबाला मध्यंतरी गाडी घासली होती आणि बोलाचाली झाली होती. पण तो माणूस दिवा बदलायलाही वायरमन बोलवायचा. घरी येऊन त्यांनी हत्यारांची पेटी पुन्हा उघडली. लहान हातोडी हातात घेतली आणि थबकले. हातोडीच्या लाकडी दांड्याला अजून दवाखान्याचा पुसट वास येत होता. स्पिरिटचा.

त्यांची लेक रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. हात लावेल ती वस्तू स्पिरिटने पुसून ठेवायची तिची खोड. आणि प्लग काढायला तिला मास्तरांनीच शिकवलं होतं, ती वेणी घालायच्या वयाची असताना.

दुपारी लेक कामावरून आली, चप्पल काढत होती तोच त्यांनी चारही प्लग टेबलावर आपटले.

"हे तू केलंस?"

तिने प्लगांकडे पाहिलं, मग आईकडे. "हो."

"कधी?"

"काल. तुम्ही अंघोळीला गेला होता तेव्हा."

"आणि मी न्हाणीघराच्या दाराशी उभी होते," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "तिच्या एकटीवर ओरडू नका."

मास्तरांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. त्या गाडीने घर चालवलं, दुखणी-बाळंतपणं काढली, तिला तुम्ही मुकी केलीत. मला अडवायचं होतं तर मला अडवायचं, इंजिनाला खोटं बोलायला लावायचं नाही. माझ्याच घरात माझ्यावर पाळत. असं बरंच काही. लेक खाली मान घालून ऐकत राहिली. मग तिचाही बांध फुटला.

"तोंडावर सांगितलं होतं, बाबा. खांबाला गाडी घासली तेव्हा सांगितलं, खांब तुम्हाला दिसलाच नव्हता. ती सायकलवाली बाई उजवीकडून आली तेव्हा मी हँडब्रेक ओढला नसता तर? तेव्हाही तुम्ही तिलाच शिव्या घातल्या. डोळे तपासा म्हटलं तर म्हणालात, अर्धं गाव मी शिकवलंय, तू मला शिकवू नकोस. आणखी कसं सांगायचं? मला भीती वाटते तुमची. लहानपणापासून वाटते."

 मास्तर प्लग उचलून बाहेर गेले.

बारीक पक्कडीने त्यांनी आकडे एकेक करून उचलले. फट मोजायच्या पात्यांच्या गेजमधलं योग्य पातं फटीत घालून पाहिलं, अडखळत सरकेल इतकीच फट ठेवली. प्लग आधी हाताने फिरवून बसवले, मग पान्याने आवळले, वायरी लावल्या. किल्ली फिरवली तशी गाडी लगेच बोलू लागली. लेक धावत बाहेर आली आणि फाटकात आडवी उभी राहिली.

"बाजूला हो."

"नाही होणार."

मास्तरांनी दात-ओठ खाल्ले. मग इंजिन बंद केलं. "तू म्हणतेस मला दिसत नाही. ठीक. मी सरळ समोर बघतो. तू मागून, उजव्या बाजूने चालत ये. दिसलीस की सांगतो."

लेक गाडीमागच्या भिंतीपाशी गेली आणि चालू लागली. मास्तर स्टिअरिंग धरून समोर पाहत राहिले. "आता," असं ते म्हणाले तेव्हा ती त्यांचं दार ओलांडून पार हेडलाइटपाशी उभी होती.

"परत," ते गुरगुरले.

परत तेच झालं. "तू मुद्दाम दबकत येतेस. पाय आपटत ये." ती पाय आपटत आली. पावलं ऐकू आली, ती दिसली मात्र तिथेच, हेडलाइटपाशी.  मग उतरून त्यांनी दार इतक्या जोरात आपटलं, की आयुष्यात कुणा शिकाऊला त्यांनी तसं आपटू दिलं नसतं.

त्याच संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांना, उजवीकडे जास्त. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंब टाकून सांभाळायची. "आधी का नाही आलात?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मास्तर त्यांच्यावरही खेकसले. ते डॉक्टरही त्यांच्याच हाताखाली गाडी शिकलेले, म्हणून त्यांनी ऐकून घेतलं.

परतताना गाडी लेक चालवत होती. मास्तर शेजारी बसले होते, तोंड फिरवून. ते दार आपटल्यापासून ते तिच्याशी एक शब्दही बोलले नव्हते. उजवा पाय मात्र दर वळणावर रिकाम्या जागी ब्रेक दाबत होता. चौकात गाडीने जरा गचका खाल्ला.

"क्लच," मास्तर म्हणाले.

लेकीने गाडी कडेला घेतली आणि थांबवली. "बोलायचं नसेल तर अजिबात बोलू नका, बाबा. बोलायचं असेल तर माणसासारखं बोला."

 मागून एक ट्रक भोंगा वाजवत निघून गेला.

"क्लच जरा सावकाश सोड," मास्तर म्हणाले. "आणि ते प्लग दाबलेस त्याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही."

"नका करू," ती म्हणाली आणि आरशात पाहून गाडी रस्त्यावर घेतली.