तळपदेसाहेबांची खूण

तळपदेसाहेब अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचे आणि तुमच्याकडे बघत राहायचे. ऑफिसच्या कँटीनमध्ये, जिन्यात, एकदा तर एका शोकसभेत. त्याचा अर्थ, 'ठीक आहेस ना?' तुम्ही तसाच गोल करून दाखवेपर्यंत त्यांचा हात खाली यायचा नाही. नुसती मान डोलावली तर म्हणायचे, "गायकवाड, मान कोंबडीपण हलवते. खूण कर."

ही पाण्याखालची भाषा. ते आमच्या नकाशे विभागाचे प्रमुख. निवृत्तीला दोन वर्षं असताना त्यांची पत्नी गेली. मूलबाळ नव्हतं. अशा वेळी लोक काशीला जातात. तळपदेसाहेब अंदमानला गेले आणि पाठीवर टाकी बांधून समुद्राच्या तळाशी प्रवाळ बघून आले. ऑफिसात थट्टा झाली. ते शांतपणे म्हणाले, "आयुष्यभर मासे खाल्ले. एकदा त्यांच्या घरी जाऊन यायला नको?" कुणी ऑक्सिजनच्या टाकीबद्दल विचारलं की मात्र चिडायचे. "ऑक्सिजन नाही रे, साधी हवा. माझ्या घरी, फणसवाडीत असते तीच. फक्त दाबून भरलेली."

पाण्याखाली एकट्यानं जायचं नाही, जोडीदार हवाच, असा नियम. तिथं दर वेळी कुणीतरी अनोळखी माणूस जोडून द्यायचे, ते त्यांना नको होतं. म्हणून त्यांनी मला धरलं. मी घोडपदेवच्या चाळीत वाढलेला, चाळिशी ओलांडलेला. पोहता यायचं ते जेमतेम. दादरच्या एका तरणतलावात सराव सुरू झाला. त्यात एक धडा होता: एकाची हवा संपली, तर दुसऱ्यानं आपल्या तोंडातली नळी काढून त्याला द्यायची. माझ्या तोंडातून निघालेली नळी तळपदेसाहेबांनी क्षणभरही न थांबता आपल्या तोंडात धरली, दोन श्वास घेतले आणि परत दिली.

घरी मी हे वडिलांना सांगितलं. गावच्या पाणवठ्यावर त्यांना लहानपणी कसं लांब उभं केलं जाई, ते मी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं होतं. ते म्हणाले, "त्या माणसाला सोडू नको."

सलग चार डिसेंबर आम्ही अंदमानला गेलो. साहेब एकाच प्रवाळापाशी तरंगत राहायचे, चाळीस चाळीस मिनिटं. हात लावायचे नाहीत. "बोटभर वाढायला वर्षं घेतो तो. आपण कोण?" आणि दर थोड्या वेळानं माझ्याकडे वळून तो गोल. एका संध्याकाळी किनाऱ्यावर चहा पिताना ते म्हणाले, "घरी दिवसच्या दिवस कुणी विचारत नाही रे. इथं दर पाच मिनिटांनी विचारावंच लागतं. नियमच आहे." मग पंजा आडवा धरून डावी-उजवीकडे हलवून दाखवला. "बिनसलं असेल तर हे असं. पण खोटी खूण कधी करायची नाही. खोटी केलीस, तर दोघंही गेलो."

पाचव्या वर्षी ते फणसवाडीतल्या आपल्या तीन जिन्यांत तीन वेळा थांबू लागले. "अंदमानच्या फॉर्मवर तब्येतीबद्दल 'कसलाही त्रास नाही' असंच लिहिणार आहे," ते म्हणाले. "तू गप्प राहा."

मी गप्प राहिलो नाही. त्यांच्या नकळत मी आम्हाला पाण्याखाली नेणाऱ्या अंदमानच्या केंद्रावर फोन केला आणि त्यांच्या धापेबद्दल सांगितलं. केंद्रानं त्यांना नाही म्हटलं. मी योग्य तेच केलं, असं कुणीही म्हणेल. पण मला त्या एकाच प्रवाळाचा कंटाळा आला होता. मला लांब, खोल कड्यापाशी जायचं होतं, तिथं पंख पसरल्यासारखे पोहणारे मोठे पाकट मासे येतात म्हणे. म्हातारा सोबत असता तर ते जमलं नसतं. फोन करताना हे माझ्या मनात होतं. त्या डिसेंबरात मी गेलो, दुसऱ्या जोडीदाराबरोबर. पाकट पाहिला.

परतल्यावर फणसवाडीला गेलो. त्यांनी स्वतः चहा केला. कप हातात देत म्हणाले, "केंद्रावरच्या मुलीनं सांगितलं मला. तुमच्या मित्राला काळजी वाटली, म्हणून त्यांनी फोन केला म्हणाली."

मी कप खाली ठेवला.

"अरे, राग नाही. बरं वाटलं. कुणाला तरी वाटते." मग लगेच, "पाकट दिसला का?"

"दिसला."

"केवढा?"

मी दोन्ही हात पसरले. ते हसले. "म्हणजे या खोलीत मावला नसता."

मी खाली उतरलो. वाडीतून वर पाहिलं तर ते गॅलरीत उभे, कठड्यावरून हात बाहेर काढून. अंगठा आणि तर्जनी. फोन खरा कशासाठी केला, ते तेव्हाच सांगायला हवं होतं; तीन जिने तर परत चढायचे होते. मी अंगठा आणि तर्जनी जुळवून वर दाखवली. त्यांचा हात खाली आला. ते आत गेले.

दीड महिन्यानं ते गेले. शेजाऱ्यांनी दार उघडलं ते दुसऱ्या दिवशी. त्या दीड महिन्यात मी एकदाही फोन केला नव्हता.

गेल्या डिसेंबरात मी पुन्हा गेलो, आमच्या त्याच प्रवाळापाशी. जोडीदार एक अनोळखी तरुण. पाचेक मिनिटांनी त्यानं माझ्याकडे वळून गोल केला. माझी बोटं जुळेनात. मी पंजा आडवा धरला आणि हलवला. त्यानं तत्काळ माझा दंड पकडला आणि नजर माझ्यावरून न काढता, नियमाप्रमाणे सावकाश मला वर आणलं. बोटीवर त्यानं विचारलं, कान? छाती? हवा?

मी नुसती मान हलवली. त्यानं माझं मीटर हातात घेऊन पाहिलं. हवा भरपूर शिल्लक होती.