निरक्षरतेच्या पानावरचा चेहरा

माझी खाला, म्हणजे मावशी, साक्रीला बांगड्या विकते. आठवडी बाजाराच्या दिवशी ती रस्त्याकडेला ताडपत्री बांधून बसते, एरवी गिऱ्हाईक घरीच येतं. एका संध्याकाळी तिचा मला जळगावला फोन आला.

"तू त्या कॉम्प्युटरवरच्या ज्ञानकोशात लिहितेस ना? त्यात माझा फोटो आहे म्हणे."

तिला हे एका गिऱ्हाईक बाईने सांगितलं होतं. बांगड्या भरून घेता घेता ती म्हणाली होती, "अक्का, तुमना फोटू शाळामा लागेल शे." खालाला आधी बरं वाटलं. कशासाठी लावलाय, असं तिने विचारलं. बाई जरा चाचरली आणि म्हणाली, निरक्षरतेच्या तक्त्यावर. मास्तरांनी नेटवरच्या ज्ञानकोशातून काढलाय.

खाला सातवी शिकलेली आहे. गिऱ्हाईक नसलं की ती पेपर वाचत बसते, मराठीही आणि उर्दूही. फोनवर तिचा आवाज चढला नाही. "त्यांना कोणी सांगितलं मला वाचता येत नाही?" एवढंच तिने विचारलं.

मी शाळेत मराठी शिकवते. त्या ज्ञानकोशात कोणालाही लिहिता येतं, दुसऱ्याचं दुरुस्तही करता येतं. मी बरीच वर्षं खान्देशातल्या गावांची पानं लिहीत आले आहे. त्या सुमाराला तिथे एक मोहीम चालू होती: सगळ्या लेखांतली चित्रं एकसारखी करायची. कुठे फोटो डावीकडे, कुठे उजवीकडे, एखाद्या गावाला फोटोंची रांग तर शेजारच्या गावाला एकही नाही, असा गोंधळ होता. तो निस्तरायला मी आनंदाने पुढे झाले होते. शिरपूर, साक्री, वरणगाव, एकेक पान घेऊन फोटो एका जागी, एका मापात आणले होते.

फोन ठेवला आणि निरक्षरतेचं पान उघडलं. वर उजवीकडे, ठरलेल्या जागी, ठरलेल्या चौरस मापात माझी खाला होती. डोक्यावर ओढणी, हनुवटीखाली हात. खाली लिहिलं होतं, 'ग्रामीण भागातील निरक्षर महिला'.

मूळ फोटो शोधला. कोण्या वाटसरूने बाजारात काढून सगळ्यांना वापरायला खुला ठेवलेला. तो आडवा होता. खालासमोर रंगीत बांगड्यांची टोपली होती, आणि फोटो काढणाऱ्याने नीट लिहिलं होतं: बांगडी विक्रेती, साक्री. मोहिमेत माप चौरस ठरलं, तेव्हा कोणीतरी टोपली कापून टाकली होती. तिचा धंदा गेला, उरला नुसता थकलेला चेहरा. तोच चेहरा गरिबीच्या पानावर होता, अंधश्रद्धेच्या होता, बालविवाहाच्याही होता. सामाजिक समस्यांच्या लेखांना एकाच धाटणीचं चित्र असावं, असं ठरलं होतं म्हणे.

मी चारही पानांवरून फोटो काढला. थोड्याच वेळात तो परत आला. कारण दिलं होतं, 'एकसूत्रता मोडू नये.'

परत लावणारे गृहस्थ तिथले प्रचालक, म्हणजे देखरेख करणारे. अतिशय सभ्य भाषा. चर्चेच्या पानावर मी लिहिलं, "या बाई निरक्षर नाहीत. त्या माझ्या मावशी आहेत."

त्यांनी लिहिलं, "व्यक्ती आपल्या नात्यातील असल्याने आपण या विषयात तटस्थ नाही. त्या साक्षर असल्याचा संदर्भ द्यावा."

"त्या निरक्षर असल्याचा संदर्भ कुठे आहे?"

"चित्र प्रातिनिधिक आहे."

'प्रातिनिधिक' हा शब्द मी वर्गात शिकवते. त्या दिवशी तो वाचून माझ्या कानशिलांत रक्त चढलं. कोणी न विचारता, न सांगता एका बाईला उचलायचं, तिच्यापुढची टोपली छाटायची आणि तिला अडाणीपणाचा नमुना म्हणून सगळ्या महाराष्ट्रापुढे टांगायचं, आणि पुरावा मी द्यायचा.

मग मी बाकीची पानं बघत सुटले. शिक्षणाच्या पानावर इमारत. बँकेच्या पानावर इमारत. वाचनाच्या पानावर गॅलरीत पुस्तक घेऊन बसलेले एक चष्मेवाले गृहस्थ, खाली त्यांचं संपूर्ण नाव. आणि कुपोषण, व्यसन, भीक, जिथे जिथे काही वाईट सांगायचं, तिथे बिननावाचे चेहरे: सातपुड्यातल्या बायका, बिड्या वळणाऱ्या बायका, आमच्या मोहल्ल्यातल्या असाव्यात अशा बुरख्यातल्या बायका.

हे सगळं मी चर्चेत मांडलं. लिहिलं, एकसूत्रता हवी असेल तर नियमही एकच करा. ओळखू येणारा जिवंत माणूस कुठल्याही दोषाचा नमुना म्हणून लावायचा नाही, मग तो कुठलाही असो. आणि लावायचाच असेल तर निरक्षरतेच्या पानावर आपलाच फोटो लावा, तोही प्रातिनिधिकच होईल. या शेवटच्या वाक्याबद्दल मला भाषा सांभाळण्याची ताकीद मिळाली. मी ते वाक्य खोडलं नाही.

काही जण माझ्या बाजूने बोलले, बरेच गप्प राहिले. शेवटी तीन पानांवरून फोटो निघाला. गरिबीच्या पानावर मात्र खालाचा चेहरा धूसर करून ठेवला. 'आता हरकत नसावी,' असं खाली लिहिलं. तीच ओढणी, तोच हात, आणि वर पुसलेलं तोंड. पेपरात आरोपीचा फोटो असतो तसा. साक्रीतल्या कोणीही तिला तरीही ओळखलं असतं. मी पुन्हा भांडले. रोज लिहीत राहिले, शाळेतून आले की आधी तेच. अखेर तो निघाला. प्रचालकांनी नोंद केली: 'पानाची एकसूत्रता बाधित झाली आहे.'

सुट्टीत साक्रीला गेले आणि आधी त्या शाळेत गेले. मास्तर भले होते, त्यांनी लगेच तक्ता उतरवला. "नेटवर होता म्हणून लावला," म्हणाले. आणखी किती शाळांत तो असेल, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

खाला घरी एका नवरीच्या हातात चुडा भरत होती. ती गेल्यावर मी म्हटलं, "खाला, तो पूर्ण फोटो बांगड्यांच्या पानावर लावू? टोपलीसकट?"

"माझं नाव लिहिशील?"

"लिहीन."

"आणि कोणी ते खोडलं तर?"

"मी परत लिहीन."

"आणि त्याने परत खोडलं तर?" ती फुटलेल्या बांगडीचे तुकडे गोळा करत होती. "नको. तू शाळेत शिकवायचं सोडून हेच करत बसशील."

तिने नको म्हटलं, म्हणून लावला नाही. बांगड्यांच्या पानावर आजही एका शोरूमचं काचेचं कपाट आहे, माणूस कोणीच नाही.

मोहीम संपली तेव्हा सहभागी लोकांचं कौतुक करणारं एक पान झालं. त्यात माझंही नाव होतं. मी ते काढायला सांगितलं. उत्तर आलं की काढता येणार नाही, यादी अपुरी दिसेल.