सुटी घोडी

सिगारच्या रिकाम्या लाकडी खोक्याची गिटार करणं अजिबात अवघड नाही, असं मी ज्याला त्याला सांगत सुटलो होतो. दांडीला सागाची पट्टी घेतली, ती खोक्यातून आरपार घातली, तीन तारा चढवल्या. तारा ज्या लाकडी तुकड्यावर टेकतात, ती घोडी सरस लावून पक्की बसवली. दांडीच्या टोकाकडे बोट ठेवलं की गिटार बरी वाजायची. बोट खोक्याकडे सरकलं की बेसूर.

सतारी दुरुस्त करणारे शेजारचे पिंगळेकाका बघायला आले आणि हसायलाच लागले. “घोडी चिकटवलीत? पळून जाईल असं वाटलं का? अहो, तारांचा दाबच तिला धरून ठेवतो. सुटी असली तर सरकवून सूर जुळवता येतो.”

पातळ सुरीने घोडी उचकटली, तेव्हा झाकणाचा टवकाही निघाला. तारा पुन्हा चढवल्या. घोडी आपली आपण उभी राहिली. जरा मागे सरकवली, आणि सूर लागला. धरून ठेवायला सरसच लागतो, हे माझ्या डोक्यात कुठून शिरलं होतं कोण जाणे.

लेक नोकरीसाठी नाशिकला गेल्यापासून मी रोज सकाळी सातला फोन करतो. उठलीस का, डबा घेतलास का. दुसऱ्या दिवशी सातला मी गिटार घेऊन बसलो. साडेसातला तिचाच फोन आला.

“बाबा, बरा आहेस ना? आज फोन नाही केलास?”

“बरा आहे गं. घोडी सुटी केली.”

“घोडी कुणाला म्हणतोस रे?”