मामांचं बिननावाचं पेन

माणूस चेहऱ्यावरून ओळखायचा असतो, हे माझ्या मामेसासऱ्यांना उभ्या आयुष्यात कुणी सांगितलेलं दिसत नाही. ते आधी समोरच्याचा खिसा बघतात. खिशात शाईचं पेन दिसलं, की त्या माणसाची जात-कुळी, स्वभाव, पचनशक्ती, सगळं त्यांना कळतं. पेन नसलं तर तो बिचारा कितीही मोठा साहेब असो, मामा त्याच्या आरपार बघतात. एकदा एका मुलाच्या स्थळाची चौकशी करायला त्यांना पाठवलं होतं. परत आल्यावर म्हणाले, "मुलगा दाबून लिहितो. निब फाकली आहे. पोरगी दुखी होऊन जाईल." मुलाचा पगार किती, घर कसं, याचा पत्ताच नाही! सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मामा त्यांचे सख्खे थोरले भाऊ, तेव्हा कपाळावर हात मारायची त्यांना लहानपणापासून सवय आहे.

लग्न होऊन मी उज्जैनला आले, तेव्हा मामांच्या पाया पडले. आशीर्वाद देण्याऐवजी त्यांनी माझा हात उलटा करून बघितला. आदल्या दिवशी आहेराच्या पाकिटांवर नावं लिहिताना डाव्या हाताच्या कडेला शाई लागली होती. "डावरी आहेस?" मी हो म्हटलं. "शाळेत मारत नव्हते?" मी म्हटलं, नाही. त्यावर ते बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अच्छा है." मला वाटलं, चला, विक्षिप्त माणूस आहे, पण प्रेमळ आहे. दोन्ही अंदाज बरोबर निघाले.

वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, वर्षश्राद्धाला मामा क्षिप्रेच्या राम घाटावर बसले होते. गुरुजींनी सांगितलं, वडिलांचं नाव घ्या. मामांचं लक्ष गुरुजींच्या खिशावर पसरलेल्या निळ्या डागाकडे. "गुरुजी, तुमच्या पेनाची जीभ ढिली झाली आहे. द्या इकडे." आणि श्राद्ध बाजूला ठेवून हा माणूस घाटाच्या पायरीवर पेन खोलून बसला! कावळा आला, पिंडाकडे बघून गेला, पुन्हा आला. सासूबाई हळूच म्हणाल्या, "अण्णा आले बघ, आणि हा दुसऱ्याचं पेन धुऊन राहिलाय." टावर चौकातला एक स्टेशनरीवाला तर मामांना लांबून बघितलं की काउंटरखाली काहीतरी शोधायला लागतो. "बाबूजी, अब निब-विब कौन रखता है? खतम हुआ तो फेंको." मामा त्याला तिथेच उभं राहून फेकाफेकीच्या दुष्परिणामांवर व्याख्यान देतात, आणि मागे गिऱ्हाइकांची लाइन लागते.

गंमत म्हणजे पेनांवर एवढा जीव असलेल्या या माणसाचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. बाई गं, काय ते अक्षर! बँकेत नोकरी केली, गावोगाव बदल्या झाल्या, आणि स्वतःचीच सही दोनदा सारखी आली नाही म्हणतात. कुणी चिडवलं की हसून म्हणायचे, "अक्षर अण्णांनी नेलं, पेनं मला दिली."

ते मात्र खरं होतं. अण्णा कडक माणूस. त्यांच्या घराण्यात कधीकाळी दरबारी कारकुनी होती; त्या कारकुनीचा ताठा अण्णांच्या पाठीच्या कण्यात उतरला होता. मुलाशी त्यांचं बोलणं म्हणजे "आलास?" आणि "निघालास?" एवढंच. मामा निवृत्त होऊन उज्जैनच्या माधव नगरात राहायला आले आणि त्याच वर्षी अण्णा गेले. जाण्याआधी त्यांनी आपली पेनांची पेटी मामांकडे सरकवली. का, ते सांगितलं नाही. अण्णांनी कधीच काही सांगितलं नव्हतं, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते मामांना. "मलाच का दिली गं?" असं ते सासूबाईंना कितीदा तरी विचारायचे. बँकेतला हिशोब जुळावा तसं हे काही जुळत नव्हतं, आणि त्यांना ते आतून लागलेलं होतं.

मग त्यांनी पेटी अभ्यासाला घेतली. घड्याळजी लावतो तसं भिंग डोळ्याला लावून एकेक पेन ओळखलं. हे अमेरिकन, हे जर्मन, ते जपानी. राहिलं एकच. मलमलच्या तुकड्यात गुंडाळलेलं, ड्रॉपरने शाई भरायचं, एबोनाइटचं म्हणजे कडक रबराचं पेन. ना कंपनीचं नाव, ना कुठला छाप. पण अंगावरच्या बारीक कोरीव रेघांमधून लालसर-सोनेरी झाक अशी काही उमटलेली, की बघत राहावं. मामा वेडे झाले. फोटो काढून जगभरातल्या पेनवाल्यांना पाठवले. कुणी म्हणे इटालियन असेल, कुणी म्हणे असं रंगकाम आजवर बघितलं नाही. निब मात्र वाईट. "खरखर करते. कोणी हिची वाट लावली पता नाही," असं म्हणत मामा उजव्या हाताने रेघा ओढून बघायचे आणि पेन पुन्हा मलमलमध्ये ठेवायचे. पाणी लावू द्यायचे नाहीत. एबोनाइटचा रंग जातो म्हणे. मला एकदा म्हणाले, "हे पेन कळलं ना बाई, की अण्णा कळतील." त्या दिवशी मी त्यांना चिडवलं नाही.

या वर्षी खंडेनवमीला सासूबाई हटून बसल्या. आमच्यात त्या दिवशी शस्त्रांची पूजा होते; तलवारी काही घरात नाहीत, म्हणून विळी, स्क्रू ड्रायव्हर आणि लेखणी. "दादा, अण्णा दर वर्षी पाटावर तेच पेन ठेवायचे. तू इतकी वर्षं त्याला नुसतं भिंगाखाली घालून राहिलास. आण ते." मामा कुरकुरत घेऊन आले. मी हळदकुंकू वाहायला वाकले. विळीच्या पात्यावर ओलं हळदकुंकू वाहिलं, तिथे ते थोडं मिसळलं, आणि माझी नजर शेजारच्या पेनावर गेली. तोच रंग!

"मामा," मी म्हटलं, "इटालियन काम आमच्या देवघरातलं आहे हो!" आणि नखाने एक रेघ खरवडली. मामा ओरडलेच. पण नखात आलं ते लाल चूर्ण बघून स्वतःच ब्रश घेऊन आले. कोरड्या ब्रशने सगळ्या रेघा झाडल्या. वर्षानुवर्षांचं कुंकू पाटावर पडलं आणि खालून निघालं काळं कुळकुळीत, साधं, शाळेच्या पोराच्या दप्तरातलं पेन. सासूबाई हसून हसून खाली बसल्या. मामांचा चेहरा एवढासा झाला.

मला वाईट वाटलं. म्हटलं, निदान पूजेचं "श्री" तरी यानेच लिहू. शाई भरली, लिहिलं, आणि पेन तूप वितळल्यासारखं सरकलं. "मामा, निब खरखर कुठे करते? केवढी छान चालतेय!"

मामांनी माझ्या हाताकडे बघितलं. माझ्या डाव्या हाताकडे. मग पेन घेतलं, भिंग लावलं आणि निब उजेडात धरली. "उलट्या बाजूने झिजली आहे," ते म्हणाले. "डावऱ्याचं पेन आहे हे."

"आपल्यात डावरं कोण होतं?" सासूबाईंनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांचं हसू गेलं. "दादा... तूच ना रे!"

मग सगळं बाहेर आलं. मामा लहानपणी डाव्या हाताने लिहायचे. अण्णांना ते खपायचं नाही. पट्टीने बोटं फोडून काढायचे. शेवटी एक दिवस पेनच हिसकावून घेतलं आणि क्षिप्रेत फेकून आलो, असं सांगितलं. त्यानंतर मामा उजव्या हाताने लिहायला लागले आणि ते कोंबडीचे पाय जन्माला आले.

"फेकलं नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. "पेटीत एवढी परदेशी पेनं, पण पाटावर हे एकच. मला वाटायचं, आजोबांचं दरबारातलं असेल. एकटेच बसून पूजा करायचे रे."

"एका शब्दाने बोलले असते तर?" मामा पेनाकडे बघत म्हणाले.

"अण्णा? आणि शब्द?" सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

मामांनी परदेशातल्या मंडळींना कळवून टाकलं, की पेन उज्जैनचं आहे आणि त्यात काही विशेष नाही. आता ते रोज सकाळी आमच्याकडे चहाला येतात आणि चहा झाला की अर्धं पान लिहितात. डाव्या हाताचं अक्षर गोल आहे, मोठं आहे, चौथीतल्या मुलाचं आहे. मी कौतुक केलं की लाजतात. फक्त एक सवय काही जात नाही. अण्णांना जाऊन इतकी वर्षं झाली, मामा स्वतः सत्तरीला आले. पण पेन डाव्या हातात घेण्याआधी ते अजून एकदा दाराकडे बघून घेतात.